शिक्कामोर्तब : निबंधाचा शेवट कोणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आंतरशालेय निबंध स्पर्धा होती आणि विषय होता, ‘माझ्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू’. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने चाकणच्या संग्रामदुर्गावर लिहिलं. तो भोसरीकडच्या वस्तीत राहायचा. वडील चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामगार. कुटुंब मराठवाड्यातून आलेलं, घरात दखनी बोलली जाणारी. शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे मराठी त्याला वर्गात आणि बसस्टॉपवर भेटलेली. तरीही निबंध छान उतरला होता. १६६० सालचा वेढा, शाहिस्तेखानाची प्रचंड फौज, किल्लेदार फिरंगोजी नरसाळा, भर पावसातले जवळपास दोन महिने, सुरुंगाने उडालेला बुरूज, हे सगळं त्याने स्वतःच्या शब्दांत मांडलं होतं.

त्याचा शेवटचा परिच्छेद मी खोडला. लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं, ‘अशा प्रकारे फिरंगोजी नरसाळा यांचा पराक्रम आपणा सर्वांना सदैव प्रेरणा देत राहील.’

“मिस, माझं चुकलं होतं का?” त्याने विचारलं.

“चुकलं नाही बेटा, पण इतिहासाच्या निबंधात घरच्या गोष्टी लिहीत नाहीत,” मी सांगून मोकळी झाले.

त्याने निमूटपणे निबंध पुन्हा उतरवून काढला. तिसरा क्रमांक आला. शाळेत टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी तो प्रमाणपत्र घेऊन स्टाफरूममध्ये आला आणि म्हणाला, “मिस, हे तुमच्याकडेच राहू द्या.” मला वाटलं, लाजतोय. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बराच वेळ लागला.

त्या खोडलेल्या परिच्छेदामुळे मी एक प्रश्न घेऊन बसले. निबंधाचा शेवट नेमका कशासाठी असतो आणि तो कोणाचा असतो?

घंटा होते आणि समारोप राहतो

मी दोन भाषा शिकवते. उर्दूच्या तासाला फळ्यावर लिहिते, तमहीद, नफ्स-ए-मजमून, खातिमा. मराठीच्या तासाला लिहिते, प्रस्तावना, विषयविस्तार, समारोप. बीएडला असताना आम्ही हर्बार्टच्या पायऱ्यांनी पाठ टाचणं काढायचो. त्यातही शेवटाकडे संकलन आणि उपयोजन असायचं. कागदावर सगळं नीट. प्रत्यक्षात पस्तीस मिनिटांच्या तासात संकलनापर्यंत पोहोचेस्तोवर घंटा व्हायची. निरीक्षक मॅडम वहीत शेरा मारायच्या, ‘पाठ अपूर्ण’.

निबंधाचंही तसंच होतं. सुरुवात कशी करावी यावर आपण तास घालवतो. मुद्दे कसे वाढवावेत हे सांगतो. शेवटासाठी सांगतो, ‘दोन ओळीत आटपा.’ मुलंही मग आटपतात. गाइडमधून आलेली चार-पाच वाक्यं वर्गात फिरत असतात. ‘अशा प्रकारे...’, ‘म्हणूनच म्हणतात की...’, ‘आपण सर्वांनी मिळून प्रतिज्ञा करूया...’. विज्ञान असो, पाऊस असो की शिवनेरी, शेवट तोच. एकाच परीक्षेच्या चाळीस पेपरांत मी एकच शेवट वाचलेला आहे आणि चाळिसांनाही त्याचे गुण दिलेले आहेत.

मराठीत आपण एखादं काम कसंबसं उरकलं की म्हणतो, ‘इतिश्री केली.’ जुन्या पोथ्यांमध्ये हा ‘इति’ मोठ्या मानाचा शब्द होता. बोलीत त्याला उरकण्याचा अर्थ कधी चिकटला कोण जाणे. पण आपल्याकडे लिहिणाऱ्यांनी शेवटाला इतकं हलकं कधीच धरलेलं नव्हतं. त्याचे पुरावे आपल्याच जुन्या कागदांत आहेत.

शिक्का वर, मोर्तब खाली

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. उमेदवारीवर शिक्कामोर्तब, निर्णयावर शिक्कामोर्तब. वर्गात मी हा शब्द फोडून दाखवते तेव्हा उर्दू माध्यमाच्या मुलांचे डोळे चमकतात, कारण त्याचे दोन्ही तुकडे त्यांच्या ओळखीचे असतात. शिक्का म्हणजे ‘सिक्का’. मोर्तब म्हणजे ‘मुरत्तब’, रचून पूर्ण केलेलं. फारसीत ‘मुरत्तब शुद’ म्हणजे तयार झालं, पूर्ण झालं. तेच मराठी दफ्तरात ‘मोर्तब सुद’ होऊन बसलं.

मराठेशाहीच्या कागदांत हे दोन वेगळे ठसे होते. शिक्का म्हणजे मुख्य मुद्रा. तो साधारणपणे पत्राच्या माथ्यावर असायचा आणि पत्र कोणाच्या अधिकाराने निघालं ते सांगायचा. मोर्तब हा छोटा ठसा. तो मजकूर जिथे संपतो तिथे उमटायचा. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी जो ठसा दिसतो त्यावर अक्षरं आहेत, ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे ही मर्यादा इथे शोभते आहे. इतिहासाचे अभ्यासक त्याला मर्यादामुद्रा म्हणतात. पुढे पेशवाईत ‘लेखनसीमा’, ‘लेखनावधि’ अशा अक्षरांचे ठसेही याच कामाला होते.

हा ठसा शोभेसाठी नव्हता. मोडीत लिहिलेल्या कागदाखाली कोरी जागा उरली तर कोणीही बोरू घेऊन दोन ओळी वाढवू शकत होता. एखाद्याच्या इनामात दोन बिघे वाढले असते, एखाद्याच्या शिक्षेत दोन फटके. मर्यादेचा ठसा सांगायचा की माझं बोलणं इथवरच, याच्या खालचं माझं नाही.

१६७७च्या सुमारास रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी तो कोश होता. कितीतरी शब्दांना पर्याय सुचवले गेले, पण मोर्तब पेशवाईच्या कागदांतही टिकून राहिला आणि आज आपल्या तोंडात आहे. ज्या शब्दाने मराठीतला प्रत्येक निर्णय पक्का होतो, तो अरबी-फारसीतून चालत आलेला आहे. आमच्या दोन भाषांची सोयरीक जुनी आहे, ती अशी अधेमधे दिसते.

आणखी एक गंमत. पत्राचा शेवट पाहून लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं नातं कळायचं. हाताखालच्याला हुकूम असेल तर शेवटी ‘जाणिजे’. बरोबरीच्याला लिहायचं तर ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा, हे विनंती’. वडीलधाऱ्याला किंवा मालकाला ‘हे विज्ञापना’. आज आपण पत्राखाली ‘कळावे, लोभ असावा’ लिहितो ती त्याचीच आठवण आहे. म्हणजे शेवट लिहिताना त्या कारकुनाला एक गोष्ट ठाऊक असावी लागायची, मी कोणाशी बोलतोय. आमच्या मुलांच्या निबंधाचा शेवट कोणाशीच बोलत नाही. तो फक्त पेपर तपासणाऱ्याला ‘संपलं’ असं कळवतो.

आळंदी आणि देहूच्या मधोमध

आमचं पिंपरी-चिंचवड कारखान्यांमुळे ओळखलं जातं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज आणि आता चाकणचा सगळा पट्टा. पण या शहराच्या एका अंगाला आळंदी आहे आणि दुसऱ्या अंगाला देहू. मराठीला शेवट कसा करावा हे शिकवणारी दोन माणसं या दोन गावांची.

ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला. तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी पसायदान आहे, अवघ्या नऊ ओव्यांचं. हजारो ओव्या सांगून झाल्यावर ज्ञानदेव श्रोत्यांना ‘मी काय काय सांगितलं’ याची उजळणी करून देत नाहीत. आता मागायचं काय, एवढंच ठरवतात. आणि मागतात ते सगळ्या जगासाठी. दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला दुष्टपणा जावा असं म्हणतात. उर्दू-फारसी कसीद्याचा शेवटचा भागही ‘दुआ’ असतो, पण तिथे ती सहसा आश्रयदात्यासाठी असते. ज्ञानदेवांनी आश्रयदात्याच्या जागी विश्व ठेवलं.

पसायदान आपल्याला पाठ असतं, पण त्याच्या पुढच्या ओव्या फारशा कोणी म्हणत नाही. तिथे ज्ञानदेव सांगतात की हा ग्रंथ गोदावरीच्या काठी झाला, यादव राजा रामचंद्राच्या काळात झाला, मला हे ज्ञान अमुक गुरुपरंपरेतून मिळालं. मग शकाचं साल येतं आणि लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव येतं. हस्तलिखिताच्या शेवटच्या या मजकुराला मराठीत पुष्पिका म्हणतात, उर्दूत तरकीमा. कुठे, कधी, कोणी, कोणाच्या आधाराने, हे त्यात येतं. दुआ मागून झाल्यावर हिशेबही देऊन टाकायचा.

तीनशे वर्षांत या ग्रंथाच्या नकलांमध्ये पाठभेद शिरले. नक्कल करणाऱ्याला वाटलं, इथे एक ओवी हवी होती, टाकून देऊ. कुणाचा हेतू वाईट नसेल. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत तयार केली आणि त्या कामाची नोंद शेवटी ओव्यांमध्ये लिहून ठेवली. तिथेच त्यांनी एक ताकीद दिली. यापुढे कोणी ज्ञानेश्वरीत आपली ओवी घुसवली तर त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असं समजा. एकनाथ स्वतः मोठे कवी. त्यांना ओव्या रचता येत नव्हत्या असं कोण म्हणेल? पण त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथात आपली भर घातली नाही.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ते प्रमाणपत्र आठवलं.

आता देहू. तुकोबांचा अभंग संपतो तिथे ‘तुका म्हणे’ येतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या अभंगांतही शेवटाकडे त्यांचं नाव येतं. उर्दू गझलेच्या शेवटच्या शेरात शायराचं तखल्लुस येतं, त्याला मक्ता म्हणतात. औरंगाबादच्या सिराजने हेच केलं. आषाढीला तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशाहबाबांच्या दर्ग्याजवळ थांबते, तिथे आरती होते आणि मग ती आकुर्डीच्या मुक्कामाकडे सरकते. त्या दिवशी आमच्याकडे रस्ते बंद असतात, शाळा लवकर सुटते. मला दरवर्षी वाटतं, मक्ता आणि नाममुद्रा या दोन वाटा इथे एकमेकींना भेटून पुढे जातात.

कवी शेवटच्या ओळीत नाव घालतो यात मिरवण्याचा भाग थोडा. वर जे बोललो त्याची जबाबदारी माझी, असं तो नाव घालून सांगतो. पण नुसतं नाव घालून भागत नाही, हेही तुकोबांच्या बाबतीत दिसलं. पुढे अनेकांनी आपल्या रचना ‘तुका म्हणे’ लावून खपवल्या. अभ्यासकांना आजही खरे अभंग आणि क्षेपक वेगळे करत बसावं लागतं. ते कशावरून वेगळे करतात? अभंगातला विचार आणि त्याची भाषा तुकोबांची आहे का, यावरून. वरून लावलेला शेवट जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. मग तो अभंगाला लावलेला असो की नववीतल्या मुलाच्या वहीला.

शेवट, जो पुढचं काम सोपवतो

आपण शाळेत लिहितो तो निबंध मात्र या परंपरेपेक्षा वेगळ्या वाटेने आला. तो एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वाचणाऱ्यांनी आणला. उर्दूत सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये ‘तहजीबुल अखलाक’ सुरू केलं. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. दोघांचे विचार वेगळे, वाचक वेगळे, पण दोन्ही भाषांत आधुनिक निबंध रुजला तो याच दशकात. निबंधमालेचे ८४ अंक निघाले. मालेचा शेवटचा निबंध होता ‘आमच्या देशाची स्थिती’. १८८२ मध्ये शास्त्रीबुवा वारले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९१० मध्ये, इंग्रज सरकारने तो निबंध जप्त केला. बंदी उठली १९३७ मध्ये. चिपळूणकरांशी माझे मतभेद पुष्कळ आहेत, विशेषतः त्यांनी महात्मा फुल्यांवर केलेल्या टीकेबद्दल. पण सरकारला इतक्या वर्षांनीही टोचत राहणारा शेवट लिहिणं सोपं नाही.

दुसरं उदाहरण मी दहावीच्या वर्गात नेहमी देते. २५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेत घटनेचा मसुदा मंजूर व्हायला एक दिवस उरलेला. जवळपास तीन वर्षांचं काम संपत आलेलं. अशा दिवशी आपण काय बोललो असतो? ‘अशा प्रकारे हे महान कार्य सिद्धीस गेले.’ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांचे आभार जरूर मानले, टीकाकारांना उत्तरंही दिली. पण भाषणाच्या अखेरीस त्यांनी इशारे दिले. मागण्यांसाठी घटनात्मक मार्ग सोडू नका. एखाद्या मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. आणि २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीत पाऊल ठेवतोय हे लक्षात ठेवा, राजकारणात सगळे समान आणि सामाजिक-आर्थिक जीवनात असमान. हा समारोप होता आणि त्याने देशाला पुढचा गृहपाठ दिला. पंचाहत्तर वर्षं झाली, तो अजून पूर्ण व्हायचा आहे.

चाकणच्या निबंधाचे चार शेवट

इतकं वाचल्यावर मी वर्गातली पद्धत बदलली. संग्रामदुर्गाचाच विषय घेते, कारण तो किल्ला, म्हणजे त्याचं जे काही उरलंय ते, मुलांनी पाहिलेलं असतं. आधी मजकूर सांगते. चाकणचा किल्ला भुईकोट, डोंगराचा आधार नाही. १६६०च्या जूनमध्ये शाहिस्तेखानाने वेढा घातला. त्याच्या फौजेत मराठा सरदारही होते. ऑगस्टमध्ये सुरुंगाने बुरूज उडाला, तटाला खिंडार पडलं, लढाई झाली. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. फिरंगोजींनी किल्ला दिला आणि शिबंदी घेऊन बाहेर पडले. खानाने मोगली चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि ते महाराजांकडे परतले. त्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाला पोहोचले होते.

मग फळ्यावर चार शेवट लिहिते.

पहिला, ‘अशा प्रकारे हा किल्ला आपल्याला सदैव प्रेरणा देत राहील.’ मुलांना सांगते, ‘हा किल्ला’ काढून ‘हे झाड’ घाला. वर्ग हसतो. वाक्य तसंच्या तसं चालतं. जो शेवट कुठल्याही निबंधाला चिकटतो तो कुठल्याच निबंधाचा नसतो.

दुसरा, ‘या वेढ्यामुळेच मुघल सत्तेचा अंत झाला.’ ऐकायला जोरदार आहे. पण आपल्या निबंधात याचा पुरावा कुठे आहे? औरंगजेब त्यानंतर १७०७ पर्यंत राज्य करत होता. निबंधाने जेवढं दाखवलं तेवढंच शेवटी म्हणायचं. कोर्टात वकील साक्षीपुराव्याच्या बाहेर जाऊ लागला की न्यायाधीश थांबवतात, तसं आपणच आपल्याला थांबवायचं.

तिसरा, ‘याच शाहिस्तेखानावर महाराजांनी १६६३ मध्ये लाल महालात छापा घातला.’ माहिती खरी आहे, पण ती नवीन आहे. निघताना पाहुण्याने दारात उभं राहून नवीच गोष्ट काढावी, तसं होतं. हवी असेल तर ती मधल्या भागात आणावी आणि तिचा वेढ्याशी संबंध दाखवावा.

चौथा आम्ही मिळून लिहितो. सुरुवातीला जो प्रश्न विचारला होता त्याच्याकडे परत जातो, चाकणची लढाई कोणी जिंकली? एका वर्षी मुलांनी लिहिलं, ‘किल्ला मुघलांना मिळाला. पण डोंगर नसलेला एक छोटा किल्ला घ्यायला एवढ्या फौजेला जवळपास दोन महिने लागले आणि तेवढे दिवस ती फौज चाकणलाच अडकली. किल्ला गेला तरी किल्लेदार गेला नाही. म्हणून आम्ही या लढाईला नुसता पराभव म्हणणार नाही.’ यात नवी माहिती नाही, वरचं जसंच्या तसं पुन्हा सांगितलेलं नाही, पुराव्याबाहेरचा दावा नाही. सांगितलेल्या गोष्टी एकमेकींजवळ ठेवल्यावर जे दिसलं ते आहे. शेवटी ‘म्हणून’ आहे आणि ‘आम्ही’ आहे.

तो ‘आम्ही’ किंवा ‘मी’ फार महत्त्वाचा. त्याच्यासाठी मी मुलांना एक साधी युक्ती सांगते. निबंध लिहून झाला की वही मिटा आणि शेजाऱ्याला विचारल्यासारखं स्वतःला विचारा, ‘बरं, मग?’ बोलीत जे उत्तर येईल, दखनीत, हिंदीत, मराठीत, ते आधी तसंच लिहून काढा. मग त्याचं व्याकरण सुधारा. गाइड उघडून बसलात तर हे उत्तर येणार नाही, कारण गाइडवाल्याला तुमचं गाव माहीत नाही.

खोडलं का?

आता राहिली माझी गोष्ट. मी त्या मुलाचा शेवट का खोडला?

त्याला दिलेलं कारण खोटं होतं. घरच्या गोष्टी नकोत, वगैरे. खरं कारण भीती होतं. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात ‘फिरंगोजींनी किल्ला दिला’ असं वाक्य होतं. इतिहासात ते तसंच आहे, कोणत्याही पुस्तकात मिळेल. पण निबंधावर मुलाचं नाव होतं, शाळेचं नाव होतं आणि दोन्ही वाचून लोकांना जे कळायचं ते कळत होतं. मला वाटलं, परीक्षकाने नाही तरी दुसऱ्या कोणी एवढंच वाक्य उचललं तर? या मुलाने फिरंगोजींना कमी लेखलं असं कोणी म्हटलं तर? त्याला त्रास, शाळेला त्रास, मला त्रास. मग मी असं वाक्य लिहिलं ज्याला कोणीच हरकत घेणार नाही. आमच्यासारख्या अनेक घरांत मुलांना हे शिकवलं जातं, शेवटी गोड बोल आणि निघ. मीही तशीच वाढले. शाळेत असताना माझ्या प्रत्येक निबंधाचा शेवट ‘विविधतेत एकता’ने व्हायचा. ते वाक्य खोटं नाही, पण मी ते विचार करून कधीच लिहिलं नव्हतं. ते लिहिलं की कोणी काही विचारत नसे.

त्या दिवशी मी मुलाला वाचवलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी त्याच्या कागदाखालच्या जागेत माझी ओळ घातली आणि ठसा मात्र त्याच्या नावाचा राहू दिला. जुन्या दफ्तरात याला जे नाव होतं ते मुलांसमोर घेताना मला अजून जड जातं. त्याने काही न वाचता, कोणी न सांगता, ते ओळखलं होतं. म्हणून प्रमाणपत्र मला देऊन गेला.

आता मी मुलांच्या वहीत शेवटचा परिच्छेद लिहीत नाही. चुका दाखवते, समासात प्रश्न विचारते, ‘हे तुला कशावरून वाटलं?’ उत्तर पटलं नाही तर गुण कमी देते. वाक्य बदलायचं असेल तर त्यानेच बदलावं. एखादा शेवट कोणाला खटकेल अशी भीती वाटली तर त्याच्याशी बोलते. ‘हे तुझं मत आहे ना? पुरावा वर दिलायस ना? मग ठेव.’ भीती गेलेली नाही. पण ती माझी आहे, तिचं ओझं त्याच्या वहीवर कशाला?

तो मुलगा आता कामाला लागलाय असं त्याच्या मित्राकडून कळलं. कुठे ते विचारलं नाही. प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. स्पर्धेला गेलेल्या प्रतीत माझंच वाक्य आहे आणि मूळ वही केव्हाच रद्दीत गेली असेल. पण तो परिच्छेद खोडताना मी दोनदा वाचला होता, त्यामुळे लक्षात आहे. शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील, गोष्ट तीच आहे. ज्याचा शेवट त्याला परत करायला माझ्याकडे एवढीच जागा आहे, म्हणून इथे लिहिते. त्याच्याखाली मी काही जोडणार नाही.

‘फिरंगोजींनी किल्ला दिला, पण आपली माणसं परत घेऊन आले. माझ्या अब्बांच्या ठेकेदाराने सगळ्यांचा दोन महिन्यांचा पगार अडवला होता. अब्बा बोलायला गेले. ठेकेदार म्हणाला, बाकीच्यांचे पैसे देतो, तू उद्यापासून येऊ नकोस. अब्बा हो म्हणाले. सगळ्यांना पैसे मिळाले आणि अब्बा घरी आले. अम्मी रडली, पण अब्बा त्या दिवशी पोटभर जेवले. मी चाकणचा किल्ला बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, फिरंगोजीपण परत गेल्यावर पोटभर जेवले असतील.’